स्कॉटिश-शीख दोस्ती : रक्तातलं शौर्य की फौजेतली भरती?

क्लाइडकाठची (धागाकर्ती)

ग्लासगोतल्या शीख लग्नाला गेलात तर वरात बघण्यासारखी असते. पुढे बॅगपाइप वाजवणारा, त्याच्या मागे ढोल, आणि मधे नवरदेव. अंगात स्कॉटिश जॅकेट, खाली किल्ट, डोक्यावर केशरी पगडी. खांद्यावरून कृपाण, आणि गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यात स्कीन-डू, म्हणजे हायलँडर लोकांचा (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगरी मुलूख) वीतभर सुरा. पायपर आणि ढोलवाला सुरुवातीला एकमेकांच्या ठेक्याची वाट बघत राहतात, मग कुणीतरी एक हट्ट सोडतो आणि सगळे नाचायला लागतात. १९९९ साली 'सिंग' नावाचं टार्टन (त्या चौकड्यांच्या कापडाचा नमुना) रीतसर नोंदलं गेलंय, त्यामुळे किल्टही आता 'आपल्या घराण्याचा' घालता येतो.

इथवर मजाच आहे. पण जेवणाआधीच्या भाषणात कुणीतरी उठून हमखास सांगतं की स्कॉटिश आणि शीख हे दोन जन्मजात लढवय्ये समाज, म्हणून यांचं इतकं जमतं. टाळ्या पडतात. मला मैत्री दिसते, रोज दिसते. हे कारण मात्र पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर ब्रिटिश सरकारी फौजेकडून हायलँड टोळ्यांचा पराभव झाला. लगेच कायदा आला आणि हायलँडमधल्या पुरुषांना किल्ट, टार्टन घालायला बंदी झाली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. ही बंदी उठली १७८२ मध्ये. पण या सगळ्या काळात एका जागी किल्ट चालत होता, ती जागा म्हणजे ब्रिटिश फौज. घरात घातलास तर गुन्हेगार, राजासाठी मरायला निघालास तर गणवेश!

आता पंजाब बघा. पहिलं इंग्रज-शीख युद्ध १८४५-४६ चं. ते संपतं न संपतं तोच १८४६ मध्ये फिरोजपूर आणि लुधियाना इथे इंग्रजांनी शिखांच्या पलटणी उभ्या केल्या. दुसरं युद्ध झालं, १८४९ मध्ये राज्यच खालसा झालं. पुढे फौजेने नियम घातला की भरती व्हायचं तर केस राखलेला, अमृत घेतलेला शीख हवा. म्हणजे एकाचा पेहराव बंद करून पलटणीत जपला, दुसऱ्याची धर्मखूण भरतीची अट करून टाकली. कारखाना एकच.

मग ही 'समान वीर परंपरा' नक्की कुणी घडवली? लोकांनी की लंडन-सिमल्याच्या दफ्तरांनी? इतिहासवाल्यांनी, फौजवाल्यांनी लिहावं.

तिरकस तात्या

लग्नात जेवणाआधीची भाषणं गांभीर्याने ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आमच्याकडे उखाणा संपेपर्यंत अर्धा मांडव पंगतीला बसलेला असतो.

बाकी त्या कृपाण-सुऱ्याला पोलीस काही म्हणत नाहीत का?

क्लाइडकाठची (धागाकर्ती)

तात्या, प्रश्न कामाचा विचारलात. स्कॉटलंडमध्ये १९९५ चा फौजदारी कायदा आहे. त्याच्या ४९व्या कलमात सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगायला मनाई आहे आणि तिथेच तीन सबबी दिल्यात : कामासाठी, धार्मिक कारणासाठी, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून. दुसरी सबब कृपाणाला लागू, तिसरी स्कीन-डूला. एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेत दोघं. (इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यातही हेच तीन अपवाद आहेत, त्यामुळे ही खास स्कॉटिश उदारता वगैरे नव्हे.)

निवृत्त पायदळी

ताई, दफ्तरांचं म्हणणं मान्य आहे. पण खंदकात शेजारी झोपलेल्या माणसाला दफ्तर दिसत नाही, शेजारचा माणूस दिसतो. मी पायदळात होतो, म्हणून थोडं लांबीने लिहितो.

१८९७ चा वायव्य सरहद्दीचा उठाव घ्या. १२ सप्टेंबरला समाना डोंगररांगेवर सारागढीच्या चौकीत ३६व्या शीख पलटणीचे २१ जवान, हवालदार ईशर सिंग त्यांचा म्होरक्या. गुलिस्तान आणि लॉकहार्ट या दोन किल्ल्यांमधला निरोप्याचा टप्पा होता तो. आरशावर ऊन पाडून संदेश पाठवायचे. सिग्नलवाला गुरमुख सिंग शेवटपर्यंत लढाईची खबर देत राहिला, मग परवानगी मागून त्याने यंत्र आवरलं आणि बंदूक उचलली. २१ पैकी एकही वाचला नाही.

सव्वा महिन्याने, २० ऑक्टोबरला, त्याच मुलखात दरगईची टेकडी. वर आफ्रिदी दबा धरून, मधे उघडं मैदान, जो निघेल तो पडतोय. गुरखे, डॉर्सेट, डर्बी यांचे हल्ले अडकले. मग गॉर्डन हायलँडर्सना पुढे काढलं आणि त्यांच्याबरोबर ३री शीख पलटण. पायपर जॉर्ज फिंडलेटरच्या दोन्ही पायांना गोळ्या लागल्या. तो खाली बसला, खडकाला टेकला आणि वाजवत राहिला. टेकडी घेतली. त्याच तिराह मोहिमेतून गॉर्डन हायलँडर्स आणि १५वी लुधियाना शीख यांचं नातं जुळलं.

पुढे १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्सला उतरली तेव्हा प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश पलटण आणि बाकी आपल्या अशी मांडणी होती. मेरठ डिव्हिजनमध्ये सीफोर्थ हायलँडर्स आणि ब्लॅक वॉच, लाहोर डिव्हिजनमध्ये हायलँड लाइट इन्फंट्री, तिन्ही स्कॉटिश पलटणी. आणि याच फौजेत १५वी लुधियाना शीख, ४७वी शीख, ३४वी शीख पायोनियर्स. पहिला हिवाळा या सगळ्यांनी फ्लँडर्सच्या गुडघाभर चिखलात काढला. मार्च १९१५ ला नव्ह शापेलमध्येही बरोबरच होते. याला तुम्ही भरतीचं राजकारण म्हणालात तर म्हणा, मी त्याला सोबत म्हणतो.

पाइपचं म्हणाल तर बॅगपाइप आता आपलाच झालाय. आपल्या पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांना पाइप बँड आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचाही आहे. पहाटे परेड मैदानावर पाइपच्या ड्रोन नळ्या सूर धरतात ना, छातीत घुमतं. ते वाद्य कुठून आलं हे तेव्हा आठवत नाही.

रुपया-आणे

पायदळी काका, प्रतिसाद आवडला. पण तुम्हीच दिलेल्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. फिंडलेटरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मे १८९८ मध्ये खुद्द राणीच्या हातून. सारागढीच्या २१ जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. का? कारण हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची तरतूदच १९११ पर्यंत नव्हती. मोहीम तीच, शत्रू तोच.

फिंडलेटरचंही पुढे फार भलं झालं असं नाही. पाय निकामी झाल्यावर तो पैशासाठी लंडनच्या थिएटरांत पाइप वाजवायला लागला, तर युद्धखात्याला ते कमीपणाचं वाटलं. सरकारला शूर हवा होता तो फक्त टेकडीवर.

निवृत्त पायदळी

मुद्दा बिनतोड आहे. पदकाचा भेद साहेबाने केला, पायपरने नाही, एवढंच माझं म्हणणं.

नांदेडचा मुंडा

धागाकर्तीच्या मांडणीत एक गडबड वाटते. 'भरतीने वीर घडवले' म्हणताना शीख इतिहास १८४६ पासून सुरू झाल्यासारखा वाटतो. गुरू हरगोबिंदांनी १६०६ मध्ये मीरी आणि पीरीच्या (ऐहिक आणि आध्यात्मिक सत्तेच्या) दोन तलवारी धारण केल्या. १६९९ च्या वैशाखीला खालसा पंथ. त्यानंतर मोगल, अब्दाली, मिसली (शीख सरदारांची छोटी राज्यं), रणजितसिंहांची तोफखान्यासकट कवायती फौज. इंग्रज यायच्या आधी दीड-दोनशे वर्षं हे चालू होतं.

आमच्या हजूर साहिबला दसऱ्याला किंवा होळीला हल्ल्याची मिरवणूक निघते ती कधी बघा. निशाण साहिब, घोडे, निहंगांच्या, म्हणजे शस्त्रधारी शिखांच्या, तलवारी. 'बोले सो निहाल'नंतर सगळा जमाव एका दमात पळत सुटतो. माझे आजोबा अस्सल मराठवाडी मराठीत ओरडायचे, "सरका रे, घोडं आलं!" कुठल्या साहेबाने हे शिकवलं? दशमेश गुरूंनी, म्हणजे गुरू गोबिंदसिंगांनी, देह ठेवला तो १७०८ मध्ये, इथेच गोदावरीकाठी. तेव्हा ब्रिटिश फौजेचा पंजाबशी काय संबंध होता?

आणि शस्त्र हा अर्धाच वारसा आहे. देग-तेग-फतेह म्हणतो आम्ही. देग म्हणजे लंगरची कढई, ती तेगेच्या, म्हणजे तलवारीच्या, आधी येते.

क्लाइडकाठची (धागाकर्ती)

नांदेडचा मुंडा, बरोबर आहे, आणि कलोडनच्या आधी हायलँडमध्येही टोळीयुद्धं होतीच. परंपरा दोघांची जुनी. इंग्रजांनी काय केलं, तर त्यातली तेग उचलली आणि देग खाली ठेवली. जुन्या परंपरेतलं सोयीचं तेवढं घेऊन त्याला 'जात' ठरवलं.

स्कॉटलंडमध्ये तर आणखी गंमत. अर्धा देश सखल भागातला, लोलँडचा. त्यांच्या पणजोबांना किल्टवाले डोंगरी म्हणजे गुरंचोर वाटायचे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा टार्टनमध्ये सजवला, राजानेही किल्ट चढवला. तिथून पुढे किल्ट अख्ख्या देशाचा झाला.

भोकरदनकर

हायलँडर आणि मराठी मुलूख यांचा थेट संबंध आमच्या जालना जिल्ह्यात आहे, तो इथे कुणाच्या लक्षात दिसत नाही. असई. २३ सप्टेंबर १८०३. वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी या दोन हायलँड पलटणी होत्या, समोर शिंद्यांची कवायती पलटणं आणि तोफा. ७४वी गावाच्या फार जवळ भरकटली आणि आपल्या गोलंदाजांनी तिची दाणादाण उडवली. कंपनीने लढाई जिंकली खरी, पण ती पलटण जवळजवळ संपली होती. तिला मग हत्ती आणि 'असई' हे सन्मानचिन्ह मिळालं. ७४वी पुढे हायलँड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली, ग्लासगोची पलटण ती. म्हणजे वरच्या प्रतिसादात १९१४ ला लाहोर डिव्हिजनमध्ये शिखांच्या बरोबर जे ग्लासगोकर होते, त्यांच्या टोपीच्या बिल्ल्यावरच खेळणा नदीकाठचं आमचं गाव होतं.

गावात आज विचाराल तर लोक आधी ऊस आणि पाण्याचं बोलतील.

महाडकर

'लढवय्या जमाती' हा शब्द धाग्यात अजून आला नाही, तो मी आणतो, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

१८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स हिंदी फौजेचा सरसेनापती होता. काही समाज जन्मतः लढवय्ये, बाकीचे नालायक, हे त्याचं ठाम मत. शीख, गुरखे, पठाण वर चढले, आणि त्यांची तुलना कुणाशी करायची तर हायलँडरशी. त्या भाषणातलं 'जन्मजात' आलं ते इथून. त्याच हिशेबात १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्यांची नावं कोरेगावच्या खांबावर कोरली होती, त्यांचे नातू अचानक लढायला अपात्र! गोपाळबुवा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला की आमच्या पिढ्यांनी चाकरी केली, दार का लावता? बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच फौजेतले. दार नीट उघडलं ते महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा, १ ऑक्टोबर १९४१, बेळगावात.

तेव्हा कुणी 'आम्ही दोघे लढवय्ये' म्हणालं की मला पहिला प्रश्न पडतो, तिसऱ्याला बाहेर कुणी काढलं?

आणखी एक. सिकंदरबाग, लखनौ, १६ नोव्हेंबर १८५७. ९३वी हायलँडर्स आणि ४थी पंजाब पलटण, तिच्यात शीख बरेच, एकाच भगदाडातून आत घुसल्या. आतले उठावातले सुमारे दोन हजार शिपाई कापले गेले. इंग्रजी लिखाणात हे 'स्कॉट आणि शिखांची शर्यत' म्हणून रंगवतात. सेनापती कॉलिन कॅम्पबेल, जन्म ग्लासगोचा. हाच माणूस १८४९ मध्ये चिलियनवालाला शिखांविरुद्ध लढला होता. सिकंदरबागेच्या पुढच्याच महिन्यात त्याने कानपूरला तात्या टोप्यांचा पराभव केला. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये १८६८ साली त्याचा पुतळा उभारला. समान वारसा म्हणायचा तर हाही त्यात धरा.

तिरकस तात्या

महाडकर, यावर थट्टा सुचत नाही. वाचनखूण साठवली.

गोदाकाठ

सगळे पलटणीत अडकलात. स्कॉटलंड आणि शीख म्हटलं की मला आठवतो दुलीपसिंग. दहा वर्षांच्या पोराकडून डलहौसीने राज्य आणि कोहिनूर घेतला. डलहौसी स्कॉटिश, हे किती जणांना माहीत आहे? आदल्याच वर्षी, १८४८ मध्ये, त्याने सातारा गिळलं होतं. पोराचा पालक नेमला डॉक्टर जॉन लॉगिन, तोही स्कॉटिश, ऑर्कनी बेटांवरचा. मुलगा आईपासून तोडला, ख्रिस्ती झाला, १८५४ मध्ये विलायतेला नेला. पर्थशायरमधला मेंझीज किल्ला भाड्याने घेऊन तिथे राहिला. शिकारीचा नाद, आणि लोक त्याला म्हणायचे 'पर्थशायरचा काळा राजपुत्र'. यात मैत्री शोधायची असेल तर शोधा. लॉगिन कुटुंबाने त्याला माया लावली हे खरं, आणि ती माया पिंजऱ्यातली होती हेही खरं.

त्याची आई महाराणी जिंदां. इंग्रज तिला इतके घाबरायचे की आधी कैद, मग ती चुनारच्या किल्ल्यातून वेष पालटून नेपाळला निसटली. मायलेकांची भेट झाली १८६१ मध्ये, कलकत्त्याला. १८६३ मध्ये ती लंडनमध्ये गेली. मुलाला तिचा देह पंजाबात न्यायला परवानगी मिळाली नाही. म्हणून १८६४ मध्ये तिचा दहनविधी झाला आमच्या नाशकात, गोदावरीच्या काठी. रक्षा लाहोरला गेली ती १९२४ साली, नात बंबा घेऊन गेली. वीर वारसा म्हणताना या बाईचं नाव भाषणात येतं का हो?

दुलीपसिंग १८८६ मध्ये एडनला परत शीख झाला. भारताकडेच निघाला होता, तिथे अडवला.

जुने फोटो

थोडं अवांतर. गूगलवर अलेक्झांडर गार्डनरचा फोटो शोधा. रणजितसिंहांच्या तोफखान्यातला कर्नल, बाप स्कॉटिश आणि जन्म अमेरिकेतला असं स्वतः सांगायचा. म्हातारपणी काश्मिरात काढलेला फोटो आहे. डोक्यापासून पायापर्यंत टार्टन, ७९व्या हायलँडर्सचं. पगडीही टार्टनची, तिच्यावर पिसांचा तुरा, हातात तलवार. गळ्याला अशी जुनी जखम होती की अन्नपाणी गिळताना चिमट्याने गळा दाबून धरायचा. त्याच्या साहसकथांतलं निम्मंशिम्मं इतिहासकार मानत नाहीत. पण टार्टनची पगडी ग्लासगोच्या लग्नांच्या शंभरेक वर्षं आधी डोक्यावर चढली होती, त्याला पुरावा आहे!

क्लाइडकाठची (धागाकर्ती)

जुने फोटो, बघितला. नवरदेवांना पाठवते.

सगळ्यांचं वाचून माझं मत पक्कं झालं ते असं : इथली दोस्ती फौजेने आणली नाही, पेटीने आणली. १९२०-३० च्या दशकांत पंजाबी फेरीवाले कपड्यांची पेटी घेऊन ग्लासगोहून निघायचे आणि हायलँडमधल्या एकाकी वाड्यांपर्यंत दारोदार जायचे. शीख होते, मुसलमान होते, हिंदूही. डिसेंबरात तिथे दुपारी साडेतीनला अंधार पडतो. अशा वेळी दारात पेटी उघडून बसलेल्या परक्या माणसाला उधारीवर विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक आणि चुलीपाशी जागा मिळाली असेल, तर ती मैत्री. ग्लासगोतला पहिला गुरुद्वारा गोर्बल्समध्ये, साउथ पोर्टलंड स्ट्रीटवर, १९४१ चा. गोर्बल्स म्हणजे तेव्हाची कामगारवस्ती, आयरिश, ज्यू सगळे दाटीवाटीने. नंतरच्या पिढ्या बसवर कंडक्टर, ड्रायव्हर झाल्या, दुकानं टाकली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये शीख जेमतेम नऊ हजार होते. त्या मानाने त्यांचा आवाज मोठा आहे आणि बोली पक्की ग्लासगोची. शेजारच्या सरदारजींचं इंग्रजी मला अजून निम्मं कळत नाही.

आणि १३ मे २०२१, ग्लासगोतलं पोलोकशील्ड्स, केनम्युअर स्ट्रीट. ईदचा दिवस. सकाळी गृहखात्याची इमिग्रेशनवाली गाडी आली आणि दोन भारतीय माणसांना घेऊन निघाली. एकजण जाऊन गाडीखाली आडवा झाला. बघता बघता रस्ता भरला. गोरे, पाकिस्तानी, सोमाली, कॉलेजची पोरं, नमाज पढून आलेले म्हातारे. 'आमचे शेजारी आहेत, सोडा त्यांना' अशा घोषणा. सुमारे आठ तासांनी पोलिसांनी दोघांना सोडलं. तिथे कुणीही दरगई किंवा सारागढीचं नाव घेतलं नाही.

निवृत्त पायदळी

आठ तास गाडीखाली पडून राहायलाही छाती लागते, ताई. तेवढं शौर्य माझ्या खात्यात जमा करा.

नांदेडचा मुंडा

आणि स्कॉट्स गार्ड्सचा विसर पडला सगळ्यांना. डिसेंबर २०१२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर अस्वली टोपीऐवजी पगडी घालून पहारा देणारा पहिला शीख शिपाई याच पलटणीचा. फौज वाईट म्हणून सगळंच मोडीत काढू नका. पगडी बदलली नाही, पलटणीचा नियम बदलला.

रुपया-आणे

धागाकर्ती, ऑक्टोबरात कामानिमित्त ग्लासगोला येतोय. अल्बर्ट ड्राइव्हच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बिगरशीख चालतात ना? काही आधी कळवावं लागतं?

क्लाइडकाठची (धागाकर्ती)

काही कळवायला नको. बूट बाहेर, डोकं झाकायचं, रुमाल दारातच ठेवलेले असतात. खिशात सिगरेटचं पाकीट असेल तर ते आधी बाहेर ठेवा. ताटात घ्याल ते संपवा, आणि भांडी घासायला कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका. डाळ आपल्यापेक्षा घट्ट असते, तिखट कमी. लोणचं मागा, देतात.